कच्ची वही फेकू नका

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा नगरहून रेल्वेने आष्टीला आला. (आष्टीला रेल्वेने आला, हे वाक्य लिहिताना अजूनही हात जरा थबकतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ही ६६ किलोमीटरची गाडी सुरू झाली. तोपर्यंत आमच्या तालुक्यातील कितीतरी मुलांनी रेल्वे फक्त पुस्तकातच पाहिली होती.) येताना त्याने एका पिशवीत चपटे यंत्र आणि डिस्कचे दोन खोके आणले होते. दोन्ही खोक्यांवर नाव एकच होते, ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’, पहिले पर्व. एक संच जुन्या डीव्हीडीचा, २००२ साली निघालेला. दुसरा ब्लू-रे डिस्कचा, २०१२ साली निघालेला.

“एकच मालिका दोनदा कशाला विकत घेतलीस रे?” मी विचारले.

“मामा, आधी दोन्ही लावून बघा. मग बोला.”

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या विज्ञान मंडळातील आठ-दहा मुले दुपारची माझ्याकडे जमतात. बाहेर ऊन असे की अंगणात पाय ठेववत नाही. तेव्हा वीज असेल तोवर पाहू, गेली तर गप्पा मारू, असे ठरले आणि आमचे ‘चित्रपटगृह’ सुरू झाले. त्या आठ दिवसांत मी जे पाहिले त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते मत मालिकेविषयी थोडे आणि तुमच्या प्रयोगवहीविषयी जास्त आहे. पण क्रमाने सांगतो.

मूळ ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. एक अंतराळयान, त्यातील निरनिराळ्या देशांचे आणि निरनिराळ्या ग्रहांचेसुद्धा कर्मचारी आणि दर भागात एक नवे जग, असा तिचा साचा. आपल्याकडे दूरदर्शनने ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दाखवली. मी तेव्हा नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, शिकत होतो. शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचासमोर चटईवर बसून आम्ही ती पाहायचो. इंग्रजी निम्मे कळायचे नाही. पण टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक सगळ्यांना कळायचा. वारा सुटला की एकाने गच्चीवर जाऊन अँटेना धरायची आणि खालच्यांनी “आलं, आलं!” म्हणून ओरडायचे. स्पॉकचा चेहरा मुंग्यांत बुडायचा आणि पुन्हा वर यायचा.

त्या मूळ मालिकेच्या बुंध्यातून १९८७ साली एक नवी फांदी फुटली, तीच ही ‘नेक्स्ट जनरेशन’. कर्ता तोच, जीन रॉडनबेरी. मात्र कथेचा काळ सुमारे शंभर वर्षे पुढचा, यान नवे आणि माणसेही नवी. पुढे या फांदीलाही फांद्या फुटल्या. यशस्वी मालिकेतून अशी दुसरी मालिका काढणे हा दूरचित्रवाणीच्या धंद्यातील नेहमीचा प्रकार आहे. पुष्कळदा तो जुन्या पुण्याईवर जगण्याचा प्रकार असतो. ही फांदी मात्र सात पर्वे बहरली.

पण पहिले पर्व? खरे सांगायचे तर ते चाचपडत लिहिलेले आहे. काही भागांत जुन्याच मालिकेच्या कल्पना नवे कपडे घालून येतात. ‘कोड ऑफ ऑनर’ नावाच्या भागात परग्रहावरील लोक म्हणून आफ्रिकी माणसांचे जे ठोकळेबाज चित्र रंगवले आहे ते पाहून मला संकोच वाटला. मुलांना मी तसे सांगितलेही. भविष्यकाळ रंगवणाऱ्यांच्या डोक्यातही भूतकाळ कसा दडून बसतो, त्याचा तो नमुना आहे. आणखी एका भागात यान विश्वाच्या अशा टोकाला जाते की तिथे मनात येईल ते समोर उभे राहते. कथा म्हणून गंमत आहे; विज्ञान म्हणून तिच्यात काही नाही. निर्वात अवकाशातून यान जाताना घरघर ऐकू येते ती तर आहेच. आमच्या आठवीतल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी ती चूक पकडली आणि नंतर प्रत्येक वेळी बोट वर करायची. शेवटी तिला सांगावे लागले, की आता चूक मान्य झाली आहे, बोट खाली ठेव.

मग ही मालिका विज्ञानाच्या मुलांना दाखवावी का? माझे काही शिक्षकमित्र म्हणतात, दाखवू नये. विज्ञानकथा म्हणजे अर्धवट विज्ञान आणि अर्धवट कथा, असे त्यांचे म्हणणे. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तिच्यात ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर निघाले! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नाव घेतले होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. आयुष्यभर विश्वरचनेची गणिते करणाऱ्या माणसाला कथा लिहिणे कमीपणाचे वाटले नाही, तर ती वाचणे आपल्याला का वाटावे?

आणि या पर्वातील एक भाग तर जणू आमच्या तालुक्यासाठीच लिहिला आहे. त्याचे नाव ‘होम सॉइल’. एका ओसाड ग्रहावर काही शास्त्रज्ञ माणसांना राहण्याजोगी हवा-पाणी तयार करण्याच्या कामाला लागलेले असतात. ग्रहावर जीव नाही, हे आधीच ‘तपासून’ झालेले असते. पण वाळूत चमकणारा एक कण सापडतो. तो लुकलुकतो, वाढतो, शेवटी बोलूही लागतो. तो स्फटिकरूप जीव असतो. त्याच्या जातीचे असंख्य कण वाळूखालच्या खारट पाण्याच्या पातळ थराने एकमेकांशी जोडलेले असतात आणि शास्त्रज्ञ नेमका तोच थर उपसून टाकत असतात! जीव म्हणजे काय, हलणे की वाढणे की प्रतिसाद देणे, यावर आमच्याकडे त्या दिवशी दीड तास वाद झाला. वीज गेली तरी थांबला नाही. एक मुलगा म्हणाला, “सर, त्यांनी पाणी उपसायच्या आधी खाली काय आहे ते बघायला पाहिजे होतं.” या मुलाच्या घरी तीन बोअर आहेत आणि तिन्ही कोरडे आहेत. मी काही बोललो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

भाच्याने दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग आधी डीव्हीडीवर आणि मग ब्लू-रेवर लावला. पडदा तोच, यंत्र तेच. डीव्हीडीवर यानाच्या खिडक्या म्हणजे पुसट ठिपक्यांची रांग दिसत होती. ब्लू-रेवर एकेक खिडकी वेगळी मोजता येत होती. डीव्हीडीवर पात्रांचे गणवेश म्हणजे रंगाचे सपाट पट्टे; ब्लू-रेवर कापडाची वीण दिसत होती. डेटा नावाच्या यंत्रमानवाच्या तोंडाला फासलेली रंगभूषासुद्धा उघडी पडली होती. मुले “ओ हो!” म्हणाली. मग दहावीतल्या एकाने शंका काढली: “यात काय विशेष? कॉम्प्युटरने जुनं चित्र सुधारलं असेल. माझ्या मोबाइलवरपण होतं.”

शंका चांगली होती. उत्तर मात्र तसे नाही. मालिका १९८७ साली बनली. तेव्हा कॉम्प्युटरपाशी नसलेली वीण तो कुठून आणणार? आजचे संगणक अंधुक चित्रात तपशील भरतात हे खरे. पण तो अंदाज असतो. शेकडो इतर कापडे ‘पाहून’ ते या कापडावर शोभेल अशी वीण काढतात. ती त्या दिवशी त्या नटाच्या अंगावर असलेली वीण नव्हे. ब्लू-रेवर दिसत होती ती मात्र खरीच वीण होती. मग पंचवीस वर्षे ती होती कुठे?

ती होती निगेटिव्हवर. ही मालिका ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली होती, सिनेमासारखी, सेकंदाला २४ चित्रे या वेगाने. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते बारीकसारीक तपशील टिपून ठेवतात. पण वर्षाला सव्वीस भाग वेळेवर द्यायचे म्हटल्यावर सगळे काम फिल्मवर करणे महाग आणि वेळखाऊ होते. म्हणून निर्मात्यांनी एक सोय केली. चित्रित फिल्म व्हिडिओ टेपवर उतरवायची आणि कापाकापी, जोडाजोडी, किरणांचे झोत वगैरे सारे टेपवर करायचे. अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीत चित्राच्या ५२५ आडव्या रेषा असत आणि त्यांतल्या सुमारे ४८० प्रत्यक्ष चित्राच्या. म्हणजे फिल्मवर आलेला बराचसा तपशील टेपवर उतरतानाच गळाला. तेव्हा कोणाला त्याची खंत वाटली नसेल. घरोघरच्या टीव्ही संचांना त्याहून जास्त दाखवताच येत नव्हते. डीव्हीडी काढली ती या टेपवरून. ती अंधुक असणारच.

२०१२ साली मालिका नव्या स्वरूपात काढायची ठरली तेव्हा लोक टेपा बाजूला ठेवून मूळ निगेटिव्हकडे गेले. डबेच्या डबे जपून ठेवलेले होते. वापरलेले तुकडे आणि न वापरलेले तुकडे, सारेच. जुन्या टेपवरचा भाग समोर लावायचा, त्यातील प्रत्येक तुकड्याचे निगेटिव्ह शोधायचे, ते नव्याने बारकाईने टिपायचे आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडायचे. यानाच्या प्रतिकृतीचे चित्रण तर अनेक फेऱ्यांत केलेले. एका फेरीत यानाचे अंग, दुसरीत खिडक्यांतील दिवे, असे. त्या फेऱ्या पुन्हा एकमेकींवर बसवल्या. जे परिणाम फक्त टेपवरच तयार झाले होते, उदाहरणार्थ शस्त्रांचे झोत, ते नव्याने करावे लागले, कारण त्यांची मूळ फीत नव्हतीच.

हिशेबच पाहा ना. डीव्हीडीवरचे एक चित्र म्हणजे ७२० × ४८०, सुमारे साडेतीन लाख बिंदू. ब्लू-रेवर या मालिकेच्या चित्राने व्यापलेली जागा १४४० × १०८०, म्हणजे साडेपंधरा लाखांच्या वर. जवळजवळ साडेचार पट. (चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे का, असे मुलांनी विचारले. मालिका जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यासाठी बनली होती म्हणून. ती ओढून रुंद केली नाही, हे मला आवडले.)

इथे डिस्कविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती पाहायला पैसे पडत नाहीत. घरात जुन्या सीडी-डीव्हीडी पडून असतील त्या काढा. तिन्ही प्रकारच्या डिस्कचा व्यास तोच, १२ सेंटिमीटर. फरक आहे तो आतल्या नागमोडी रेघेत. ही रेघ मध्यापासून काठापर्यंत चक्राकार जाते आणि तिच्यात सूक्ष्म खळगे असतात. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांतील अंतर सीडीत १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही रेघ उलगडली तर सीडीची सुमारे साडेपाच किलोमीटर भरेल, डीव्हीडीची बारा आणि ब्लू-रेची सत्तावीस. म्हणजे ब्लू-रेच्या अडीच डिस्क उलगडल्या की नगर ते आष्टी रूळ झाला! इतके बारीक खळगे वाचायला किरणही तसाच बारीक लागतो. म्हणून सीडीला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण, डीव्हीडीला ६५० चा तांबडा आणि ब्लू-रेला ४०५ चा जांभळा.

आता लाल लेसर पेन सीडीवर सरळ लंबरूप धरा. (शिक्षक जवळ असताना, आणि किरण किंवा त्याचे परावर्तन कोणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये.) परत येणाऱ्या किरणाच्या दोन्ही बाजूंना, सुमारे २४ अंशांवर, आणखी ठिपके पडतील. डीव्हीडीवर तेच ठिपके ६१ अंशांच्या आसपास पडतील. कोनाची ज्या म्हणजे तरंगलांबी भागिले वेढ्यांतील अंतर, एवढेच सूत्र. दहावीच्या मुलांनी कोन मोजून अंतर काढावे. आणि ब्लू-रेवर? बाजूचा ठिपका पडतच नाही! ६५० भागिले ३२० केले की उत्तर एकाहून मोठे येते आणि एकाहून मोठी ज्या नसते. म्हणून सीडीवर सप्तरंग झळकतात आणि ब्लू-रे जवळपास कोरी दिसते. अगदी तिरपी धरली तर निळसर-जांभळी झाक तेवढी दिसते. ज्या डिस्कवर सर्वांत जास्त माहिती, तीच दिसायला सर्वांत साधी.

असो. मुद्दा असा, की १९८७ साली ज्याने निगेटिव्हचे डबे फेकले नाहीत त्याला पंचवीस वर्षांनी कोणती डिस्क येणार आहे हे माहीत नव्हते. त्या वेळच्या कामाला तर टेप पुरेशी होती. ‘काम झाले, आता डबे कशाला?’ असे कोणीही म्हणू शकले असते.

आणि असे म्हणणारे जगात कमी नाहीत. ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथेच्या मालिकेच्या साठच्या दशकातील टेपा पुसून पुन्हा वापरल्या. नव्वदहून अधिक भाग आज कुठेच नाहीत. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा, पूर्णपणे हरवला आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले; त्यापूर्वीच्या कितीतरी फिती तोवर गेल्याच होत्या आणि २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्या त्या वेगळ्याच.

सगळ्यांत मोठा चटका लावणारी गोष्ट चंद्राची आहे. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. तिथला कॅमेरा सेकंदाला १० चित्रे आणि ३२० रेषा अशा वेगळ्याच पद्धतीने चित्र पाठवत होता. घरच्या टीव्हीवर ते दिसावे म्हणून पृथ्वीवरील केंद्रांत ते एका पडद्यावर उमटवून त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा लावला होता! जगाने पाहिली ती ही नकलेची नक्कल. मूळ संकेत चुंबकीय टेपांवर नोंदलेले होते. पुढे कोणाला तरी ते हवे झाले. शोध सुरू झाला. २००९ साली नासाने सांगितले, की टेपा तुटवड्याच्या काळात बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या. अंतराळात माणूस पाठवणाऱ्यांची ही तऱ्हा!

उलट उदाहरणही आहे. प्लूटो १९३० साली क्लाइड टॉमबॉ यांनी शोधला. नंतर जुनी छायाचित्रे चाळली तेव्हा त्याच लॉवेल वेधशाळेच्या १९१५ सालच्या छायाचित्रांत तो सापडला. एक अंधुक ठिपका, कोणाच्या लक्षात न आलेला. वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल १९१६ साली वारले, आपण ज्याच्या शोधात होतो तो आपल्याच कपाटात आहे हे न कळता. पण छायाचित्रे कोणी फेकली नव्हती, म्हणून नव्या ग्रहाच्या कक्षेचे गणित करायला पंधरा वर्षे जुनी स्थाने मिळाली. (तेव्हा त्याला ग्रहच म्हणत, २००६ पासून तो बटुग्रह आहे.)

आपल्या घरात पाहू. पुण्यातील ‘बालचित्रवाणी’ ही संस्था १९८४ पासून शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम तयार करीत असे आणि दूरदर्शनवरून ते दाखवले जात. ऐंशी-नव्वदच्या दशकातील शिक्षकांना ते आठवत असतील. २०१७ साली ती संस्था बंद करण्यात आली. माझे म्हणणे एवढेच, की ज्यांच्या ताब्यात अशा कार्यक्रमांच्या मूळ टेपा आहेत त्यांनी मोबाइलवर चालेल एवढी लहान नक्कल करून समाधान मानू नये. चुंबकीय टेपवरचा चिकट थर दमट हवेत पाणी शोषून सुटू लागतो. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालचे कपाट म्हणजे तर भट्टीच. टेपा फार वाट पाहत नाहीत.

आता कबुली देतो. हे सगळे मी दुसऱ्यांना सांगतो आहे. पण हीच चूक मी स्वतः केली आहे.

मी ज्या शाळेत होतो तिथे आम्ही एक साधा पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला मुले पाणी मोजायची आणि एका लांबट वहीत आकडा लिहायची. पंधरा वर्षे हे चालले. वही मळलेली, पावसाने भिजलेली, खाडाखोड केलेली. मी नीटनेटकेपणाचा भोक्ता. एका सुटीत बसून मी महिन्यामहिन्याच्या बेरजा केल्या, सुवाच्य अक्षरात तक्ता काढला, काचेत बसवून भिंतीवर लावला. आणि वह्या रद्दीत घातल्या. तक्ता फार छान दिसत होता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. ज्या महसूल मंडळांत २१ दिवसांहून अधिक खंड पडला तिथे पीकविम्याची आगाऊ रक्कम मिळण्याचा प्रश्न निघाला आणि गावोगावी दिवस मोजणे सुरू झाले. एक पालक माझ्याकडे आले. त्यांना विम्यासाठी काही नको होते. त्याला सरकारी नोंदच लागते. त्यांना फक्त जाणून घ्यायचे होते, की जुलै-ऑगस्टमध्ये एवढा मोठा खंड पूर्वी किती वेळा पडला होता आणि तो आता वरचेवर पडतो आहे का. म्हणजे पुढे कोणते पीक घ्यायचे ते ठरवता येईल. मी मोठ्या ऐटीत भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केले आणि तिथेच माझ्या लक्षात आले, की या तक्त्यात खंड नाही. ऑगस्टची बेरीज १०० मिलिमीटर, एवढेच त्यात आहे. ते १०० मिलिमीटर रोज थोडे थोडे पडले की दोन दिवसांत कोसळून बाकी महिना कोरडा गेला, हे कुठून काढणार? हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरते. मधल्या एका दिवशी २.४ पडला की २.६, यावर खंड मोडला की नाही हे ठरते. बेरजेत तो दशांश कधीच विरघळून गेला होता. पंधरा वर्षे मुलांनी तो रोज बरोबर टिपला होता आणि मी तो किलोच्या भावाने विकला. पालक “राहू द्या सर” म्हणून उठले.

माझा तक्ता म्हणजे टेप होती. वह्या म्हणजे निगेटिव्ह होते. टेपवरून पुन्हा फिल्म होत नाही.

म्हणून माझे मत असे आहे: शाळेतील प्रयोगाची कच्ची वही ही पक्क्या जर्नलपेक्षा मोलाची वस्तू आहे आणि ती तपासली गेली पाहिजे, जपली गेली पाहिजे. आपल्याकडे उलटे चालते. कच्च्या वहीत लंबकाचे वाचन घेतात, मग जर्नलमध्ये ते ‘नीट’ लिहितात. नीट लिहिता लिहिता जुळत नसलेला आकडा जुळवूनही घेतात, आणि आपण शिक्षक त्यालाच गुण देतो. कच्ची वही परीक्षेनंतर चुलीत किंवा रद्दीत. खरे म्हणजे निसर्गाने सांगितलेले शब्द कच्च्या वहीत असतात. जर्नलमध्ये असते ते आपण त्यांचे केलेले सार. सार चुकले तर मूळ शब्दांकडे परत जाता यायला हवे.

माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. जागा कुठे आहे? खरे आहे; एका वर्गाच्या कच्च्या वह्यांनी कपाट भरते. सगळ्याच जपा असे मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकातले उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग एकवेळ गेला तरी चालेल. पण जे पुन्हा मोजता येणार नाही ते गेले की कायमचे गेले: पाऊस, विहिरीची पाणीपातळी, एखाद्या झाडाला पहिला मोहोर आल्याची तारीख. वहीच्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवता येतो, याची मला कल्पना आहे. जरूर काढा, पण फोटो काढला म्हणून वही फेकू नका. त्या फोटोचा प्रकार उद्याच्या यंत्राला वाचता येईल की नाही कोण जाणे. भाच्याने डिस्कबरोबर यंत्रही आणले ते याचसाठी. त्याच्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायला खाचच नाही!

दुसरा आक्षेप असा, की मुलांना खाडाखोड करायची सवय लागेल. लागू दे. खाडाखोड हीसुद्धा नोंद आहे.

यंदा १ जूनपासून आमच्या विज्ञान मंडळाने पुन्हा पर्जन्यमापक बसवला आहे. जाड पुठ्ठ्याची वही आणली आहे. महिन्याची बेरीज वेगळ्या कागदावर होते. वहीत फक्त तारीख, वेळ, मिलिमीटर आणि मोजणाऱ्याची सही. परवा एका मुलाने घाईत ३.२ च्या जागी ३२ लिहिले आणि चूक कळताच खोडरबर काढले. मी त्याला थांबवले. खोडायचे नाही, खालचा आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. त्याने तसे केले. वहीचे ते पान आता अजिबात सुंदर दिसत नाही.